निळ्या कानाचा फोटो

१८ जून

गळतं म्हणे. मेणाचा ठोकळा गळतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पाणी गळतं, छप्पर गळतं, मच्छीमार सोसायटीच्या खुर्चीपायी माझ्या दिराची, व्हिक्टरची, लाळ गळते. पण वीतभर जाड मेणाचा ठोकळा, उचलला तर मनगट भरून येतं, तो गळतो? आणि हे मला सांगतो कोण, तर तो निकेत, भायंदरच्या यंत्रवाल्या कंपनीचा साहेब, ज्याने आयुष्यात वाढदिवसाची मेणबत्ती फुंकण्यापलीकडे मेणाशी काही केलं नसेल. मराठी येतं त्याला, पण ओरडायचं झालं की हिंदी. "मॅडम, आपका माल रिजेक्ट है." मी म्हटलं, माल बघायला आमच्या गावात, चौकला ये, फोनवरून नाक काय मुरडतोस. त्याने फोन ठेवला.

त्यांच्या यंत्राभोवतीची भिंत मी केली. भिंतीचा एकेक ठोकळा माझ्या शेडमध्ये, माझ्या कढईत वितळलेला, माझ्या हाताने ओतलेला. जिथे मी सप्टेंबरच्या सणासाठी मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हातपाय ओतते, तिथेच. मेणाचा दाम घेतला, मजुरी घेतली नाही. मजुरीच्या बदल्यात एक फोटो काढून द्या म्हटलं. क्षितिजाने, तिथल्या इंजिनीअर पोरीने, माझ्या हातावर हात मारून कबूल केलं. आता माल रिजेक्ट, म्हणजे फोटो पण रिजेक्ट.

फोटो माझा नकोय. कानाचा हवाय. बोटीवर जाळं ओढायचा विंच असतो, त्याची कप्पी दोन लोखंडी तुकड्यांत बसते. आम्ही त्यांना कान म्हणतो. एक डावा, एक उजवा, नारळाएवढे. जानेवारीत उजवा कान तुटला, दोर सुटला आणि माझ्या नवऱ्याचा, बस्त्यावचा, उजवा हात मनगटापासून घेऊन गेला. तुटलेला कान समुद्रात पडला. डावा माझ्या पलंगाखाली आहे. मच्छीमार सोसायटीने बैठक घेतली आणि ठरवलं, लोखंडात दोष नव्हता, बस्त्यावने हयगय केली, ताकदीबाहेर ओढलं. ज्याचा जन्म जाळं ओढण्यात गेला त्याला ताकद कळत नाही म्हणे. आणि तो मान खाली घालून हो म्हणाला.

मी हो म्हणालेली नाही.

ही वही ॲलिसनने दिली. माझी लेक, कुवेतला नर्स आहे. म्हणाली, मम्मी, तू तोंडाने बोलतेस तेव्हा भांडण होतं, लिहून बघ. चौथी शिकलेली बाई लिहून काय बघणार. पण आज भांडायला समोर कोणी नाही.

२० जून

क्षितिजा आली. मीरा रोडहून स्कूटरवर, एवढ्या लांब. पोरगी सरळ आहे. दादरची माणसं, बापाने तिकडची खोली विकून इकडे फ्लॅट घेतला. चहा प्यायली आणि म्हणाली, "आन्टी, मेण नाही गळत. न्यूट्रॉन गळतात."

हे न्यूट्रॉन तिने मला मार्चमध्ये समजावले होते. मला जेवढं कळलं ते असं. भायंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांमध्ये त्यांचा गाळा आहे. त्यात एक यंत्र आहे, गॅसच्या सिलिंडरपेक्षा थोडं मोठं. बटण चालू केलं की त्यातून डोळ्याला न दिसणारे कण सुटतात, फार जोरात. बटण बंद की कण बंद. ते जाड लोखंडातून आरपार जातात आणि पलीकडे फोटो उमटवतात. लोखंड आहे तिथे काळं, आत पोकळ असेल तिथे उजळ. असल्या कामाला आधी इमारतीएवढी यंत्रं लागायची, ह्यांनी ते गाळ्यात बसवलं. पण हे कण माणसाला बरे नाहीत, म्हणून भोवती भिंत. नुसत्या लोखंडाच्या भिंतीला ते जुमानत नाहीत. मेणात दमतात. मेणात टाकणखार मिसळला की दमलेल्यांना तो गिळतो. मी म्हटलं, दांडगा माणूस दार फोडतो पण खाडीच्या चिखलात रुततो, तसं? म्हणाली, अगदी तसं.

तर आता भिंतीबाहेर मीटर धरला की आकडा जास्त येतोय. सरकारी माणूस तपासायला येणार, असा आकडा बघितला तर परवाना देणार नाही. निकेत म्हणतो ठोकळे आतून पोकळ आहेत.

माझ्या मेणात पोकळी! मेण थिजताना मधे खड्डा पडतो हे सासूने मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं. खड्डा पडला की परत ओतायचं, थिजू द्यायचं, परत ओतायचं. सोमवारी येते म्हटलं. तुमच्यासमोर ठोकळा फोडते.

जाताना तिने विचारलं, कान कापून का नाही बघत? माझा मुलगा रुबेन पण तेच म्हणतो, कटर मार. कापला की सोसायटी म्हणणार, कापणाऱ्यानेच बिघडवला. मला कान अख्खा हवा आणि आतलं दिसायला हवं. फेब्रुवारीत मी तो माशाच्या टोपलीत घालून एक्स-रेवाल्याकडे पण नेला होता, जिथे बस्त्यावच्या हाताचा काढला तिथेच. म्हटलं, हाताचा काढलास, आता ज्याने हात नेला त्याच्या भावाचा काढ. तो आधी हसला, मग बिचाऱ्याने काढला. कानाच्या जागी पांढरं फटक, आतलं काही नाही. म्हणाला, "आन्टी, इतना मोटा लोहा मेरे बस का नहीं."

२१ जून

व्हिक्टर आला होता. बस्त्यावचा धाकटा भाऊ, सोसायटीचा चेअरमन, आणि आता आमची दोघा भावांची बोट पण तोच बघतो. सुके बोंबील घेऊन आला. बसल्या बसल्या म्हणाला, "वैनी, पलंगाखाली लोखंड ठेवू नये. घरात दुखणं येतं. दे मला, भंगारात टाकतो." मी म्हटलं, दुखणं येऊन हात घेऊन गेलं, आता काय यायचं राहिलंय? आणि रविवारी चर्चला मिस्साला नसतोस, हे शकुन कधीपासून बघायला लागलास?

हे त्याचं तिसऱ्यांदा विचारणं. काळजी असेल. भाऊ आहे शेवटी.

मग म्हणाला, गावात लोक बोलतात, ग्रेसी अणुबॉम्बवाल्यांचं काम करते. कोण लोक, मी विचारलं. म्हणाला, लोक. मी म्हटलं, लोकांना सांग, अणुबॉम्बला मेणबत्ती लागत नाही.

बस्त्याव कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता. डाव्या हाताने सुई चालवायला शिकतोय. पूर्ण वेळ मान वर केली नाही. कानाची गोष्ट निघाली की त्याचं असंच होतं. त्या कानांचा त्याला काय लळा होता कोण जाणे. व्हिक्टरने सोसायटीतर्फे सगळ्या बोटींसाठी ते कुठून तरी बाहेरून आणले, तेव्हा ह्याने बसवायच्या आधी बसून निळा रंग दिला होता, दोन हात. घराच्या दाराला लग्नानंतर रंग लागलेला नाही, पण कानांना दोन हात.

२३ जून

गाळ्यात गेले. शेजारी भांडी घासायची चाकं फिरतात, कानाला दडे बसतात. निकेत हाताची घडी घालून उभा. मी हातोडा मागितला आणि एक ठोकळा फोडला. आत खोबऱ्यासारखं घट्ट. म्हणाला, एकावरून काय कळतं. मी दुसरा फोडला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा तोच म्हणाला, बस बस.

माझी छाती फुगली होती. तेवढ्यात क्षितिजाने दिवे घालवले आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन भिंतीमागे गेली. यंत्र बंदच होतं. अंधारात भिंतीवर उभ्या रेघा पेटल्या. दर दोन ठोकळ्यांच्या मधे एक, वर मिटलेली, खाली तांदळाच्या दाण्याएवढी उघडी.

मला लगेच कळलं, आणि कळल्यावर मी तोंड हलू दिलं नाही.

मेणबत्तीच्या साच्याला ढाळ द्यावा लागतो. एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला जरा अरुंद, नाहीतर थिजलेलं मेण साच्यातून निघत नाही. क्षितिजाने दिलेल्या चित्रात ठोकळा सरळ होता. साचे करणाऱ्या पत्रेवाल्या जितेशने मला विचारलंही होतं, "ग्रेसीबेन, ड्रॉइंग में तो सीधा है." मी म्हटलं, चित्र काढणाऱ्याला चित्रातून ठोकळा बाहेर काढायचा नसतो. ढाळ दे. मला वाटलं पोरीला कळलं नसेल, उगाच कशाला सांगा. आता त्या ढाळातून ह्यांचे न्यूट्रॉन रांग लावून बाहेर पडत होते.

निकेत म्हणाला, तर मग चूक तुमचीच. मी म्हटलं, हो, ढाळ माझा, फट माझी. पण तू पोकळी म्हणालास. पोकळी नाही निघाली. तो शब्द परत घे.

परत घेतला नाही. पण आवाज खाली आला.

क्षितिजाने जमिनीवर दोन ठोकळे ठेवले, एक सुलटा, एक उलटा. फट मिटली. म्हणाली, अख्खी भिंत अशी परत रचू, एकाआड एक उलटा, आणि सांध्यांवर सांधा येणार नाही असा बाहेरून अजून एक थर. थर मी ओतून देते म्हटलं. आणि फोटो? तिने निकेतकडे बघितलं. तो मोबाईलकडे बघत होता.

२९ जून

संत पेत्रूचा सण. फादरने ओढून ठेवलेल्या बोटींवर पाणी शिंपडलं. मग व्हिक्टरने सोसायटीच्या ओट्यावरून सांगितलं, मासेमारी बंदी एकतीस जुलैला उठते, एकला पहाटे सगळ्या बोटी निघणार. टाळ्या. आणि मग मला कळलं की आमच्या बोटीवर बस्त्यावच्या जागी रुबेन जाणार. विंचवर. आणि विंचला कान नवे लावले, म्हणजे त्याच लॉटमधली उरलेली जोडी.

घरी येऊन मी रुबेनला विचारलं, तुला अक्कल आहे का?

"मम्मी, सगळ्या बोटींवर तेच कान हायत. कोणाचा तुटला?"

"तुझ्या बापाचा."

मग म्हणाला, "पप्पाला विचार. पप्पा बोलले जा."

मी बस्त्यावकडे बघितलं. तो उठून बाहेर गेला, बोंबलाच्या बांबूंच्या रिकाम्या वलांडीला टेकून उभा राहिला. वाळत घालायला एक बोंबील नाही आणि हा तिथे उभा, जसा काही राखण करतोय.

म्हणजे आता फोटो मागच्या गोष्टीचा राहिला नाही. पुढच्या गोष्टीचा झाला.

७ जुलै

चार दिवस कढई उतरलेली नाही. बाहेरच्या थराचे ठोकळे. ह्या वेळी जितेशकडून साचा सरळ करून घेतला, एका बाजूला बिजागरी, म्हणजे साचाच उघडतो. हे आधी सुचायला हवं होतं.

सरूबाई मेणाचा हात मागायला आली, तिच्या भावजयीचा नवस आहे. सण सप्टेंबरात, पण तिला घाई. जाता जाता म्हणाली, ग्रेसी, एवढे लोकांचे हात ओततेस, बस्त्यावसाठी नाही वाहिलास? मी म्हटलं, गेलेला हात देवाने नाही नेला, मग देवाला का विचारू? ज्याने नेला त्याला विचारणार. ती क्रूस करून निघून गेली. हिंदू बाई, पण आमच्यापेक्षा जोरात क्रूस करते.

बस्त्याव मदतीला आला. टाकणखार खाली बसू नये म्हणून मेण निवत आलं की ढवळत राहावं लागतं. डाव्या हाताने ढवळत होता. कढईतून डोळे न काढता म्हणाला, "त्या यंत्रात खरंच दिसतं?"

"वीतभर लोखंडातून."

"आन काय दिसलं न्हाय तर?"

"तर चूक तुझी. मी परत तोंड उघडणार नाही."

"आन दिसलं तर?"

"तर मग कोणाचं तोंड मी बंद राहू देणार नाही."

त्याने पळी कढईत तशीच सोडली आणि हात धुवायला गेला. परत आला नाही. मेणाच्या वाफेने त्याला उमासा येतो, आधीपासून. अर्धी कढई तळाला बसली, परत वितळवावी लागली. चिडले मी त्याच्यावर.

१२ जुलै

टेम्पोत ठोकळे घालून गाळ्यात नेले. मी आणि क्षितिजाने भिंत उतरवली आणि परत रचली. सुलटा, उलटा, सुलटा, उलटा. संध्याकाळी तिने दिवे घालवले, टॉर्च धरला. काळोख. मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून यंत्र हळू चालवलं आणि मीटर घेऊन भिंतीला फेरी मारली. आकडा खाली बसला. तिने मला मिठी मारली, तिच्या केसात मेण लागलं.

निकेतपण हसला. मग म्हणाला, आन्टी, फोटोचं दिवाळीनंतर बघू, आधी परवाना, मग क्लायंटला डेमो. बाहेरचं काम आत्ता नको.

मला ह्याची खात्री होतीच. मी म्हटलं, निकेत, भिंतीला दार आहे. दाराचा ठोकळा कुठे आहे?

त्याने वळून बघितलं. दाराच्या जागी जुने दोन ठोकळे दोरीने बांधलेले होते.

"तो चौकला माझ्या शेडमध्ये आहे. ओतून, घासून तयार. ज्या दिवशी कान आत जाईल त्या दिवशी येईल. तोवर ही दोरी दाखव सरकारी माणसाला."

"ये ब्लॅकमेल है."

"ही मजुरी आहे," मी म्हटलं. "एकच मागितली होती."

क्षितिजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते तिचे. मग तोंड सरळ करून वळली आणि म्हणाली, सर, डेमोच्या आधी आपल्याला कशाचा तरी फोटो काढून बघावाच लागणार, मागवलेला नमुना अजून आलेला नाही. जाड लोखंड, आत काय आहे माहीत नाही, ह्याहून चांगला नमुना कुठे मिळणार? निकेतने कपाळाला हात लावला. "ठीक है. सॅम्पल समझ के डाल दो."

मी दाराचा ठोकळा दुसऱ्याच दिवशी पाठवते म्हटलं. शब्दाला शब्द.

१८ जुलै

सरकारी माणूस येऊन गेला. परवाना मिळाला. क्षितिजाचा फोन, "आन्टी, मंगळवारी."

२२ जुलै

कान टोपलीतून नेला. क्षितिजाने दोन्ही हातांनी घेतला, बारशाचं बाळ घ्यावं तसा. आत ठेवला, दाराचा ठोकळा मी लोटला, सगळे बाहेर आलो. लाल दिवा लागला. आवाज काही नाही. मला वाटलं होतं निदान मिक्सरएवढं तरी गरगरेल. क्षितिजा म्हणाली, यंत्र लहान, कण थोडे, म्हणून फोटो भरायला दुपार लागते. मी म्हटलं, कोळ्याची बायको आहे, वाट बघायचं मला शिकवू नकोस. वाती वळत बसले.

बाहेरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी नुसती वाळू. मग वाळू काळी पडायला लागली, कानाच्या आकाराने. मग त्या काळ्यात, कान जिथे वाकतो, बोल्टच्या भोकाखाली, एक उजळ डाग. चिंचोक्याएवढा. मला वाटलं पडद्यावर दारातला उजेड पडलाय. मी हात आडवा धरला. डाग गेला नाही.

निकेत खुर्ची ओढून पुढे आला. क्षितिजाने कान वळवून दुसऱ्या बाजूने काढायला लावला, परत तेवढाच वेळ. परत तिथेच डाग.

"तिथे लोखंड नाही आन्टी," ती म्हणाली.

"बाहेरून तर गुळगुळीत आहे," निकेत म्हणाला.

कान बाहेर आल्यावर क्षितिजाने मीटर धरून बघितला, मग माझ्या हातात दिला. मी खिळा मागितला आणि त्या जागी खरवडला. निळा रंग निघाला. खाली अजून निळा. त्याखाली राखाडी. लोखंड नव्हे. रंगारी लाकडाच्या भोकात भरतात तसली लांबी, वाळून दगड झालेली. तिचा खपला उडाला आणि खिळा आत गेला, माझ्या बोटाच्या पेराएवढा. ओतताना लोखंडात पोकळी राहिली, ती कोणी तरी लांबीने बुजवली, घासली आणि विकली. मेणात खड्डा पडला तर मी परत ओतते. ह्यांनी लांबी भरली.

मी रडले नाही. निकेतने पाणी आणून दिलं. पाणी देताना म्हणाला, "तो शब्द. पोकळीचा. परत घेतो."

मी म्हटलं, उशीर केलास. पण घेतलास.

२४ जुलै

व्हिक्टर बोटीपाशी होता, पोरांकडून तळाला रंग काढून घेत होता. मी मोबाईल पुढे केला. हातात घेतला नाही. "मशीनचा फोटो हाय. कोण मानणार?" मी टोपलीतून कान काढला आणि भोकात खिळा घालून दाखवला. "हा मानतोस?"

त्याने आधी पोरांकडे बघितलं. आता मला कळलं तीन तीनदा भंगार का मागत होता. मी म्हटलं, सगळ्या बोटींचे कान उतरव. एक तारखेला रुबेन विंचवर उभा राहणार आहे.

"सीझन तोंडावर हाय वैनी. सगळ्या बोटींना दुसरे कुठून आणू?" मग आवाज खाली करून म्हणाला, "आधी घरी विचार. मग माझ्याकडं ये."

"घरी काय विचारू? ज्याचा हात गेला तो बसलाय घरी."

"त्यालाच विचार."

लबाड माणूस. एवढं दाखवल्यावर पण भावावरच ढकलतो. मी त्याला तिथे सगळ्यांसमोर जे बोलले ते लिहीत नाही, ॲलिसन वाचेल.

२५ जुलै

लिहायला बसते आणि उठते. सकाळपासून असंच चाललंय.

काल व्हिक्टरकडून आले तेव्हा बस्त्याव पायरीवर बसला होता. कान मी फडक्यात गुंडाळून गाठ मारली होती. तो त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, बघ, खोटं बोलत नव्हते मी. फोटो निघाला.

त्याने काय दिसलं म्हणून विचारलं नाही. डावा हात फडक्यावर ठेवला. अंगठा फडक्यावरून फिरला आणि थांबला. बोल्टच्या भोकाखाली, कान वाकतो तिथे. तिथे दाबून राहिला.

मी गाठ सोडली नव्हती. कुठे ते सांगितलं नव्हतं. एक शब्द सांगितला नव्हता.

अंगठा न उचलता तो म्हणाला, "बसवताना दिसली होती लांबी. दोन्ही कानांना. व्हिक्टरला दाखवली. तो बोलला, सगळ्यांना अशीच हाय, रंग मार, कर्जाचं हप्तं फिटलं की बदलू. मी मारला रंग."

मी विचारलं, मग बैठकीत हो का म्हणालास?

"धाकटा हाय तो. आई जाताना त्याला माझ्या हातात देऊन गेली."

"कुठल्या हातात दिला होता, बस्त्याव?" मी विचारलं. "गेला त्याच ना?"

सहा महिने मी त्याच्यासाठी भांडले. मेण ओतलं, भिंत रचली, एका परक्या पोराशी दारासाठी हुज्जत घातली, आणि ज्याचा फोटो काढायला गेले ते माझ्या घरात बसून जाळं विणत होतं. त्याला यंत्र लागत नव्हतं. मी एकदा नीट बघितलं असतं तर पुरलं असतं.

२७ जुलै, रविवार

मिस्सानंतर दोन बायका आल्या, टोपलीत आपापल्या बोटीचे कान घेऊन. नवऱ्यांना न सांगता उतरवून आणलेले. आता कुठे खरवडायचं मला माहीत आहे. एकीच्या दोन्हींखाली लोखंड निघालं. ती तिथेच खाली बसली. दुसरीच्या एकात खिळा आत गेला. ती बसली नाही, तडक सोसायटीच्या ओट्याकडे गेली, कान हातात घेऊन. क्षितिजाला फोन केला. म्हणाली, जेवढे येतील तेवढे आणा, निकेतला मी बघते. बाकीच्या बोटींवर ताडपत्री आहे, आणि आमच्या बोटीवर व्हिक्टर मला चढू देत नाही. रुबेन म्हणतो, पप्पा जा बोलले ते बोलले, तू मधे पडू नकोस. त्याच्या पप्पाने लांबी बघूनच रंग मारला, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगायचं नाही.

म्हणून हे पान मी उघडं ठेवून जातेय, बस्त्याव, तुझ्या जाळ्यावर. तुला वाचता येतं. व्हिक्टरला पण येतं, त्याला दाखवायचं असेल तर दाखव. त्याला माझा सवाल एकच आहे, सगळे कान उतरवतोस की मी बोट बोट फिरून खिळा मारू. तुला दोन आहेत. ज्या ओट्यावर मान खाली घालून हो म्हणालास, त्याच ओट्यावर उभा राहून बोलणार का? आणि रुबेनला तू सांगणार, की रंग मारलेल्या कानाखाली त्याला उभा करणार?

बोट एकला पहाटे निघते. मला उत्तर एकतीस तारखेच्या आत हवंय. दोघांकडून. आणि मान वर करून.